‘हरवलेलं शहर’ नक्की कुणाचं हरवलं होतं? चोकेकिराओची गोष्ट

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी ही या भागाची लेखी आवृत्ती. बोलण्यातले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ जमेल तेवढे गाळलेत.)

आजची गोष्ट सुरू होते एका भिंतीवर लिहिलेल्या नावांपासून.

१९०९ सालचा फेब्रुवारी. दक्षिण अमेरिकेतला पेरू देश. ऐन पावसाळ्यात हायरम बिंगहॅम नावाचा एक अमेरिकन प्राध्यापक डोंगरात, जंगलात झाकलेल्या एका इंका शहरात पोचतो. शहराचं नाव चोकेकिराओ. पुढे दोनच वर्षांनी हाच माणूस माचू पिचू ‘शोधणार’ आहे आणि जगभर गाजणार आहे. पण आत्ता तो चोकेकिराओच्या एका इमारतीत उभा आहे, आणि त्याला दिसतं काय? त्याच्या आधी येऊन गेलेल्या लोकांनी लिहून ठेवलेली नावं. त्यातलं सगळ्यात जुनं साल १८३४. म्हणजे त्याच्याही पंचाहत्तर वर्षं आधीचं.

आपण गडावर गेलो की बुरुजावर कुणीतरी बदामात नाव कोरलेलं दिसतं आणि आपली तळपायाची आग मस्तकात जाते. इथे मात्र ती नावं पुरावा आहेत. ‘हरवलेल्या शहरात’ लोक येत-जात होते याचा पुरावा.

तर आजचा प्रश्न साधा आहे. एखादं शहर ‘हरवलं’ असं आपण म्हणतो, तेव्हा ते कुणासाठी हरवलेलं असतं?

आधी रस्ता समजून घेऊ

गेल्या वर्षी मी हा ट्रेक केला. चार दिवस, सोबत गाईड, सामानाला खेचरं. मी काही इतिहासकार नाही, दिवसभर कोड लिहिणारा माणूस आहे. पण या जागेचा इतिहास समजायला तिथला रस्ता समजावाच लागतो, म्हणून आधी तो सांगतो.

माचू पिचूला ट्रेन जाते. चोकेकिराओला काहीच जात नाही. कुस्को शहरातून गाडीने साधारण चार तासांत तुम्ही काचोरा नावाच्या गावाकडे येता. पुढे कापुलियोक नावाची खिंड आहे, उंची सुमारे २,९०० मीटर. तिथून समोर बघितलं की दरी दिसते, आणि दरीच्या पलीकडच्या डोंगरात कुठेतरी चोकेकिराओ. सरळ रेषेत बघाल तर जवळच वाटतं. पण मधे आपुरिमाक नदी आहे. तिच्यापर्यंत खाली उतरायचं, म्हणजे साधारण १,५०० मीटर उंचीवर यायचं, पूल ओलांडायचा, आणि पलीकडे तेवढंच पुन्हा चढायचं. पोचायला दोन दिवस, परतायला दोन दिवस, जाऊन-येऊन साठेक किलोमीटर.

कळसूबाईची समुद्रसपाटीपासूनची उंची १,६४६ मीटर. म्हणजे समजा, मुंबईच्या चौपाटीवरून थेट कळसूबाईचं शिखर, साधारण तेवढा उतार आणि मग तेवढाच चढ. आणि हवा विरळ.

आपुरिमाक या नावाचा केचुआ भाषेतला अर्थ ‘बोलणारा देव’ असा सांगतात. दरीत उतरताना पाणी दिसायच्या आधी त्याचा आवाज येतो, तेव्हा ते नाव पटतं. तळाशी प्लाया रोसालिना नावाचा तळ आहे. तिथे गरम होतं, आणि चावणाऱ्या बारीक माश्या अशा आहेत की फोटो काढायला हात बाहेर काढावासा वाटत नाही.

आमची गाईड कुस्कोची. घरी केचुआ, शाळेत स्पॅनिश, आमच्याशी इंग्रजी. खेचरं हाकणारे गृहस्थ साठीचे. ती त्यांना ‘तायता’ म्हणायची, म्हणजे केचुआत ‘बाबा’. तायता खेचरांशी फक्त केचुआत बोलायचे. ही भाषा पेरूच्या सरकारने अधिकृत मानली ती १९७५ मध्ये. म्हणजे आपल्या आई-वडिलांच्या पिढीतली गोष्ट.

पायी चालणाऱ्यांचं साम्राज्य

आता जरा मागे जाऊ. पंधरावं शतक. कुस्कोच्या इंका राजांनी शंभरेक वर्षांत आजच्या कोलंबियाच्या दक्षिण टोकापासून चिले-अर्जेंटिनापर्यंत राज्य पसरवलं. त्यांच्याकडे काय नव्हतं याची यादी बघा. घोडा नव्हता. गाडीचं चाक नव्हतं. लोखंड नव्हतं. आपण जिला लिपी म्हणतो तशी लिपी नव्हती.

मग काय होतं? रस्ते. ‘काप्पाक न्यान’ हे त्या रस्त्यांच्या जाळ्याचं नाव. तीस हजार किलोमीटरहून जास्त. २०१४ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा यादीत घेतलं. या रस्त्यांवर ठरावीक अंतरावर ‘चास्की’ म्हणजे निरोप पोचवणारे धावपटू बसलेले. एकाने पळत यायचं, दुसऱ्याला निरोप सांगायचा, दुसऱ्याने पळत सुटायचं. हिशेब ठेवायला ‘खिपू’, म्हणजे गाठी मारलेल्या दोऱ्या. गाठीच्या जागेवरून एकक, दशक, शतक कळायचं. आपण शाळेत शिकलो तीच दशमान पद्धत, फक्त दोरीवर. माझ्यासारख्या माणसाला हे ऐकून काय आनंद होतो ते सांगायला नको.

ओझं वाहायला लामा. पण लामा पंचवीस-तीस किलोच्या वर फारसं उचलत नाही, आणि माणसाला तर पाठीवर घेतच नाही. म्हणजे राजा सोडला तर जवळजवळ सगळे पायीच. राजा पालखीत, आणि पालखी माणसांच्या खांद्यावर.

आणि दऱ्यांवर पूल? गवताचे! गवत वळून दोऱ्या, दोऱ्यांचे दोरखंड, त्यांचा झुलता पूल. यातला एक अजून जिवंत आहे, केस्वाचाका, याच आपुरिमाक नदीवर, पण बराच वरच्या अंगाला. आजूबाजूच्या गावांचे लोक दर वर्षी जूनमध्ये जुना पूल सोडून देतात आणि नवा विणतात. त्या दगडांची नाही, त्या विणण्याच्या ज्ञानाची नोंद युनेस्कोने २०१३ मध्ये घेतली.

प्रवासात आणि सैन्यात खायला काय? ‘चुन्यो’. बटाटे रात्रीच्या कडाक्यात गोठवायचे, दिवसा पायांनी तुडवून पाणी काढायचं, उन्हात वाळवायचे. वर्षानुवर्षं टिकतात. बटाटा ही मुळात याच डोंगरांची शेती, हजारो वर्षांपूर्वीपासूनची. आपल्याकडे तो पोर्तुगीज जहाजांमधून आला आणि नावही पोर्तुगीजांचंच घेऊन आला. आपल्या उपवासाच्या ताटातले दोन मुख्य मानकरी, बटाटा आणि शेंगदाणा, दोघंही दक्षिण अमेरिकेचे. एवढं सांगितलं की आजी पहिल्यांदा चिडते, मग म्हणते, “असू दे, आता आपलेच झाले.”

शेवटची पस्तीस वर्षं

१५३२ मध्ये स्पॅनिश सरदार पिझारो थोडक्या लोकांना घेऊन पेरूत शिरला आणि त्याने इंका राजा आताउआल्पाला भेटीला बोलावून पकडलं. पुढच्या वर्षी त्याला मारलं. मग स्पॅनिशांनी आपल्या मर्जीतला म्हणून मान्को इंका या तरुण राजपुत्राला गादीवर बसवलं. पण मान्को बाहुला निघाला नाही. १५३६ मध्ये त्याने बंड केलं, कुस्कोला वेढा घातला. वेढा फसला, पण माणूस हरला नाही. तो डोंगरात सरकला, विल्काबांबा नावाच्या दुर्गम मुलखात, आणि तिथे त्याने इंकांचं छोटं राज्य चालू ठेवलं. खुद्द मान्कोला नंतर त्यानेच आसरा दिलेल्या स्पॅनिश लोकांनी मारलं. पण त्याच्या मुलांनी राज्य चालवलं: सायरी तुपाक, तितू कुसी, आणि शेवटचा तुपाक आमारु.

१५७२ मध्ये व्हाइसरॉय तोलेदोने फौज पाठवली. तुपाक आमारु पकडला गेला, आणि सप्टेंबरमध्ये कुस्कोच्या चौकात, हजारो लोकांसमोर त्याचं डोकं उडवलं. १५३७ ते १५७२. पस्तीस वर्षं. ती टिकली त्याचं मोठं कारण म्हणजे तुम्हाला मघाशी सांगितला तो रस्ता. घोडेस्वार सैन्य अशा दरीत उतरलं की त्याचं पायदळच होतं.

चोकेकिराओ याच डोंगररांगेच्या दक्षिण अंगाला आहे. ते बांधलं मात्र त्याआधी, इंकांच्या भरभराटीच्या काळात. अॅमेझॉनच्या बाजूचा उष्ण मुलूख आणि कुस्को यांच्यामधलं हे एक ठाणं. शेती, पूजा, कारभार, सगळं इथे होतं. पडझडीच्या काळात विल्काबांबाच्या लोकांना ही जागा उपयोगी पडली असणार, असं अभ्यासक मानतात. पुढे लोक कमी झाले, झाडी वाढली. पण झाडी वाढणं आणि विसरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

‘शोध’ लावणारे

आता परत भिंतीवरच्या नावांकडे. १८३४ मध्ये येऊन गेलेला सार्तिज हा फ्रेंच माणूस. १८४७ मध्ये आंग्रां नावाचा दुसरा फ्रेंच आला, त्याने नकाशे आणि चित्रं काढली. बहुतेकांच्या डोक्यात एकच: सोनं. चोकेकिराओ नावाचा अर्थच ‘सोन्याचा पाळणा’ असा सांगितला जातो. आता असं नाव ऐकल्यावर कोण स्वस्थ बसेल?

बिंगहॅम १९०९ मध्ये गेला तोही या सोन्याच्या नादाला लागलेल्या मंडळींमुळेच. आपुरिमाक प्रांताच्या प्रमुखाने पैसे जमवून खजिना शोधायला वाट काढली होती. बिंगहॅम येल विद्यापीठात लॅटिन अमेरिकेचा इतिहास शिकवायचा. पुरातत्त्वाचं त्याला काही शिक्षण नव्हतं. पण नावापुढे ‘डॉक्टर’ आहे, म्हणजे याला जुने दगड कळत असणार, असं त्या अधिकाऱ्याला वाटलं आणि त्याने आग्रहच धरला. मग पठ्ठ्याने काय केलं? सोबत प्रवाशांसाठीचं एक मार्गदर्शक पुस्तक होतं. त्यात जुने अवशेष दिसले तर काय करावं ते दिलेलं होतं: मोजमाप घ्या, भरपूर फोटो काढा, सगळं लिहून ठेवा. त्याने तेच केलं. चांगलं डॉक्युमेंटेशन केलेल्या माणसाचं नाव टिकतं, हे आमच्या धंद्यातही खरं आहे.

पण मला सगळ्यात जास्त लक्षात राहिला तो माणूस वेगळाच. ती वाट काढताना अडचण होती आपुरिमाकची. पूल बांधायचा तर आधी कुणीतरी दोरी घेऊन पलीकडे पोचायला हवं, आणि पाण्याला भयंकर ओढ. बिंगहॅमने लिहिलंय की शेवटी एक म्हातारा चिनी फेरीवाला दोरी घेऊन पोहत पलीकडे गेला. मग त्या दोरीने जाड दोर ओढले, आणि पूल झाला. १८४९ ते १८७४ या काळात सुमारे एक लाख चिनी मजूर पेरूत आणले गेले होते. जवळजवळ गुलामीच्या अटींवर, शेतात आणि समुद्रपक्ष्यांची विष्ठा खणायला. हा म्हातारा त्यांच्यातला होता की नाही, ते त्या वर्णनात येत नाही. आपल्यापर्यंत तो ‘एक म्हातारा चिनी फेरीवाला’ एवढाच पोचतो. भिंतीवर साहेबांची नावं आहेत. ज्याच्यामुळे भिंतीपर्यंत पोचता आलं त्याचं नाव नाही.

दोन वर्षांनी, २४ जुलै १९११ ला, हाच प्रकार माचू पिचूला. मेल्चोर आर्तेआगा या तिथल्या शेतकऱ्याने बिंगहॅमला वाट दाखवली. वर शेतकरी कुटुंबं राहत होती, इंकांच्याच पायऱ्यांच्या शेतात पिकं घेत होती. अवशेष दाखवायला त्यांनी एका लहान मुलाला सोबत दिलं. आणि तिथल्या भिंतीवरही नाव होतं: लिसारागा, १९०२. आगुस्तीन लिसारागा हा तिथलाच शेतकरी. बिंगहॅमने ते नाव तेव्हा टिपून ठेवलं. पण १९४८ मध्ये त्याचं पुस्तक आलं त्याचं नावच ‘लॉस्ट सिटी ऑफ द इंकाज’. लिसारागा त्याआधीच, १९१२ मध्ये, नदीत बुडून गेला होता.

‘हरवलेलं’ हा शब्द साधा वाटतो, पण तो काम करतो. हरवलेली वस्तू ज्याला सापडते त्याची. माचू पिचूमधून हजारो वस्तू येल विद्यापीठात गेल्या आणि जवळपास शंभर वर्षं तिथेच राहिल्या. पेरूने पाठपुरावा केला, भांडण कोर्टात गेलं, आणि २०११-१२ मध्ये त्या परत आल्या. आज त्या कुस्कोच्या संग्रहालयात आहेत.

दगडातले लामा

आता चोकेकिराओत आत जाऊ. तिसऱ्या दिवशी आम्ही पूर्ण दिवस तिथेच होतो. मोठा चौक, दुमजली घरं, पाण्याचे पाट, आणि एका टेकडीचा माथा कापून केलेलं सपाट गोल मैदान. इथला दगड माचू पिचूसारखा घडवता येणारा ग्रॅनाइट नाही, पापुद्रे सुटणारा आहे. म्हणून भिंती मातीचा गिलावा देऊन बांधल्या. फोटोत माचू पिचूची भिंत जास्त भाव खाते. पण हातात आलेल्या मटेरियलमध्ये काम भागवणं हे वेगळं कौशल्य आहे.

खरी कमाल डोंगराच्या मागच्या बाजूला. तीव्र उतारावर शेतीच्या पायऱ्या, आणि त्यांच्या गडद दगडी भिंतींमध्ये पांढरे दगड बसवून काढलेले लामा. एक-दोन नव्हे, वीसहून जास्त. सगळे चालत निघालेले, काहींसोबत पिल्लंही. इंकांच्या कामात अशी चित्रं सहसा दिसत नाहीत. उत्तरेकडच्या चाचापोया लोकांना इथे कामाला आणलं असावं, त्यांची ही कला, असं काही अभ्यासक म्हणतात.

हे लामा जगाला कळले कधी माहितीये? २००४-०५ च्या सुमारास. फ्रेंच आले, खजिनेवाले आले, बिंगहॅम आला, सगळे गेले. लामा झाडीखाली तसेच उभे होते. शहराचा मोठा भाग आजही जंगलाखालीच आहे. त्या अख्ख्या दिवसात तिथे आम्ही पर्यटक जेमतेम पंचवीस असू. माचू पिचूला रोज साधारण साडेचार हजार लोक जातात.

आणि मग केबल कार

हा फरक फार दिवस राहील असं नाही. आपुरिमाकच्या दरीवरून चोकेकिराओपर्यंत केबल कार न्यायची योजना दहा-बारा वर्षं पेरूत चर्चेत आहे. जाहीर होते, अडकते, पुन्हा जाहीर होते. झाली तर दोन दिवसांची चाल काही मिनिटांवर येईल.

माझ्यासारख्या ट्रेकरचं पहिलं उत्तर ठरलेलं असतं: नको! वाट लागेल! आणि त्यात तथ्यही आहे. जी जागा दिवसाला काही डझन माणसं बघते, तिथे एकदम हजारो गेली तर त्या पायऱ्यांचं काय होईल?

पण चोकेकिराओच्या अलीकडे मारांपाता नावाची छोटी वस्ती आहे. तिथली कुटुंबं ट्रेकर्सना जेवण आणि तंबूला जागा देतात. आमच्या यजमान मावशींना गाईडने माझं म्हणणं भाषांतर करून सांगितलं, की चालण्यामुळेच ही जागा टिकली आहे. मावशी बटाटे सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “तुम्हाला चालायला छान वाटतं, कारण तुम्ही चारच दिवस चालता.”

त्यांचं पुढचं बोलणं मी जसंच्या तसं लक्षात ठेवलंय. गॅसचं सिलिंडर खेचरावर येतं. आजारी माणूस खेचरावर जातो, आधी नदीपर्यंत खाली, मग खिंडीपर्यंत वर. पोरं शाळेसाठी लहानपणीच घर सोडतात. ज्या दरीने इंकांना पस्तीस वर्षं वाचवलं, ज्या दरीने लामांना झाडीत झाकून ठेवलं, तीच दरी या बाईच्या आणि दवाखान्याच्या मधे उभी आहे.

तायतांचं मत उलटं. केबल कार आली तर माझ्या खेचरांनी काय करायचं, आणि वरून थेट उतरणारा पर्यटक खालच्या वस्त्यांमध्ये कशाला थांबेल? सांता रोसाला ऊस आणि खाणं विकणारे, चिकिस्काला तंबूची जागा देणारे, सगळ्यांचं पोट त्या पायवाटेवर आहे. पूल, दवाखाना आणि चांगली वाट द्या, केबल कार राहू दे, असं त्यांचं म्हणणं.

दोघंही एकाच दरीतले, दोघांचंही बरोबर. आणि गंमत म्हणजे, दोघांनीही मला विचारलं नाही की तुझं मत काय. का विचारावं?

दुसऱ्या एका वाटेवर पेरूने या लोकांचा हिशेब थोडाफार केला आहे. माचू पिचूला जाणाऱ्या प्रसिद्ध इंका ट्रेलवर जनावरांना बंदी आहे, सगळं ओझं माणसं वाहतात. तिथे दिवसाला ५०० माणसांची मर्यादा आहे, आणि त्यात गाईड आणि हमालही मोजले जातात. २००१ मध्ये हमालांसाठी कायदा झाला आणि ओझ्याची मर्यादा २० किलो ठरली. अंमलबजावणीच्या तक्रारी राहिल्या, पण एक गोष्ट झाली: मोजणीत ओझं वाहणारा आला. भिंतीवर नसलेलं नाव निदान रजिस्टरमध्ये आलं.

म्हणून मला वाटतं, शहर हरवलेलं होतं की नव्हतं, हा निव्वळ इतिहासाचा प्रश्न नाही. हरवलेलं म्हटलं की ते कुणाचंच नसतं, मग सापडवणाऱ्याने ठरवायचं: सोनं खणायचं, वस्तू न्यायच्या, की केबल कार बांधायची. हरवलेलं नव्हतंच म्हटलं, की आधी तिथे राहणाऱ्यांना विचारावं लागतं. उत्तर काय येईल ते त्यांचं त्यांना ठरवू दे. मावशी आणि तायता यांच्यात कोण जिंकेल मला माहीत नाही, पण त्या टेबलावर ते दोघं बसलेले असायला हवेत, एवढं नक्की.

तुमच्यापैकी बरेच जण दर पावसाळ्यात सह्याद्रीत जाता. पुढच्या वेळी कुणी रीलमध्ये ‘अज्ञात’, ‘कुणालाच माहीत नसलेला’ धबधबा किंवा किल्ला असं लिहिलं, तर एकदा बघा की त्याला वाट कुणी दाखवली, आणि पिठलं-भाकरी कुणाच्या घरी खाल्ली. त्यांचं नाव कॅप्शनमध्ये असतं का?

पुढच्या भागात खिपूच्या गाठींबद्दल बोलू. गाठींमध्ये फक्त आकडे आहेत की गोष्टीही, यावर संशोधक अजून भांडतायत, आणि भांडण मजेशीर आहे. तोपर्यंत ऐकत राहा, चालत राहा. भेटू!